बाबामहाराजांचे पंच : 7 ऑगस्ट 1897 च्या मृत्युपत्राचा माग

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीने वारले. त्यांचे मृत्युपत्रही त्याच तारखेचे आहे. म्हणजे दुखणे हाताबाहेर गेल्यावर, उरलेल्या काही तासांत हा कागद झाला. मुलगा नव्हता. पत्नी सकवारबाई, ज्यांना सगळे ताईमहाराज म्हणत, वयाने लहान होत्या आणि गरोदर होत्या. मिळकत काही पुण्याकडे, काही कोल्हापूर संस्थानात; घराणे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या गुरूंचे, त्यामुळे मानपान मोठा आणि त्याच मापाने कर्जही. अशा माणसाने आपल्यामागे कारभार कोणाच्या हाती द्यायचा?

बाबामहाराजांनी पाच नावे घातली : रावसाहेब कीर्तीकर, बाळ गंगाधर टिळक, अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे, श्रीपाद सखाराम कुंभोजकर आणि बळवंत मार्तंड नागपूरकर.

पुढे जे घडले ते ‘ताईमहाराज प्रकरण’ म्हणून मराठी वाचकाला ऐकून माहीत असते. न. चिं. केळकरांच्या टिळकचरित्रात त्याला भरपूर जागा आहे, आणि तिथून ते टिळकांच्या आयुष्यातले एक संकट म्हणूनच वाचले जाते. मला ते उलट्या टोकाने, मृत्युपत्र करणाऱ्याच्या बाजूने, वाचायचे आहे. मरणाऱ्या माणसाने ही माणसे का निवडली, आणि ती निवड टिकली का?

आधी तारखा जुळवून पाहू, कारण त्यांतच पहिला धक्का आहे. पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली 22 जून 1897 रोजी. टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली 27 जुलैला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामीन दिला 4 ऑगस्टला. मृत्युपत्र 7 ऑगस्टचे. म्हणजे ज्या माणसाच्या हाती आपली इस्टेट, आपली विधवा आणि आपला वंश सोपवायचा तो जामिनावर सुटून तीनच दिवस झाले होते, आणि त्याला शिक्षा होण्याचा संभव पुण्यात कोणालाही दिसत होता. 14 सप्टेंबरला ती झालीच : अठरा महिने सक्तमजुरी. मृत्युपत्राची शाई वाळून सहा आठवडेही झाले नव्हते. टिळक बाहेर आले 6 सप्टेंबर 1898 ला, म्हणजे पहिल्या तेरा महिन्यांतला बहुतेक काळ हा पंच तुरुंगात होता.

व्यवहारी माणूस म्हणेल, निवड चुकली. तसे म्हणण्याआधी मृत्युपत्राचे मुख्य कलम पाहिले पाहिजे. ते आपल्याला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालपत्रातून इंग्रजीत मिळते. आशय असा : पत्नीला मुलगा झाला नाही, किंवा झालेला मुलगा अल्पायुषी ठरला, तर घराण्याचे नाव चालावे म्हणून पंचांना पसंत पडेल असा मुलगा, पंचांच्या संमतीने, शास्त्राप्रमाणे पत्नीच्या मांडीवर द्यावा, गरज पडेल तितक्या वेळा द्यावा, आणि तो मुलगा सज्ञान होईपर्यंत स्थावर-जंगमाची वहिवाट पंचांनी पाहावी.

या एका कलमात दोन वेगळी कामे एकाच माणसांवर पडली आहेत. मिळकत ताब्यात घेणे, देणी फेडणे, हिशेब ठेवणे हे मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाचे नेहमीचे काम. दुसरे काम मात्र वारस निवडण्याचे. साध्या मृत्युपत्रात वारस ठरलेला असतो आणि व्यवस्थापक त्याच्यापर्यंत माल पोचवतो. इथे माल तयार होता, मालक ठरायचा होता, आणि तो पंचांनी ठरवायचा होता.

आता पंचांत भाऊबंद का नाहीत हे कळते. हा माझा तर्क आहे, पण परिस्थितीला धरून आहे. पंडित घराण्याच्या शाखा होत्या. औरंगाबादकडे निधोण्याची शाखा होती, कोल्हापूरकडचे नातलग होते. दत्तकाचा प्रश्न निघाला की प्रत्येक शाखेत पुढे करायला एक मुलगा असणार. जवळच्या नातलगाला पंच नेमणे म्हणजे उमेदवारालाच परीक्षक नेमणे. जवळचे कोणी नसलेल्या माणसाची अडचण एरवी ‘सांगणार कोणाला’ अशी असते. बाबामहाराजांकडे सांगण्याजोगे लोक होते. ज्यांना यातून काहीच मिळायचे नाही असे लोक हवे होते. टिळक आणि खापर्डे या कसोटीला उतरत होते.

कलमाला दुसरी बाजूही आहे, आणि टिळकचरित्राच्या वाचकाच्या नजरेतून ती निसटते. मुंबई इलाख्यात ‘मयूख’ या धर्मनिबंधाच्या परंपरेप्रमाणे विधवेला दत्तक घेण्यासाठी नवऱ्याची स्पष्ट परवानगी लागत नसे. त्याने मनाई केली नसली की पुरे. बंगालात किंवा मद्रासेत अशी मोकळीक नव्हती. म्हणजे मृत्युपत्र नसते, तर ताईमहाराजांना दत्तक आपल्या पसंतीने घेता आला असता. मृत्युपत्राने त्यांच्यात आणि त्यांच्या मांडीत पाच पुरुष उभे केले. पुढच्या अठरा वर्षांच्या भांडणाचे मूळ मला इथे दिसते, टिळकांच्या स्वभावात किंवा ताईमहाराजांच्या हट्टात दिसत नाही.

1898 च्या आरंभी ताईमहाराजांना मुलगा झाला आणि दोनेक महिन्यांत गेला. भावनेच्या अंगाने हे दुःख. कायद्याच्या अंगाने भूसुरुंग. वडिलोपार्जित मिळकत मुलगा जन्मताच मुलाची होते. मग बापाच्या मृत्युपत्रात उरले काय? आणि मूल गेल्यावर वारस ठरते ती आई. ही शंका 1898 मध्ये कोणी काढली नाही. पंचांनी कारभार चालवला, खर्चाला कात्री लावली, कर्ज हलके करीत आणले. कात्री लागली ती घरखर्चालाही, आणि ज्यांच्या हातखर्चाला ती लागली त्यांना ती आवडली नाही.

पंचांनी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे कोर्टाचे प्रमाणपत्र, घेतले होते. इथे थोडे थांबतो. मृत्युपत्राचे प्रोबेट घेण्याची सक्ती 1870 च्या हिंदू विल्स ॲक्टाने मुंबई इलाख्यात फक्त मुंबई शहरापुरती घातली होती. पुण्यात झालेल्या मृत्युपत्राला ती नव्हती. पण 1881 च्या प्रोबेटच्या कायद्याखाली ते मागता येई, आणि मयताचे येणे कोर्टातून वसूल करायचे तर 1889 पासून प्रोबेट किंवा वारसा सर्टिफिकेट दाखवावे लागे. कर्जात बुडालेल्या इस्टेटीच्या पंचांनी ते घेणे स्वाभाविकच. पंचांनी हे ऐच्छिक कवच अंगावर घेतले, आणि पहिला वार त्या कवचावरच झाला.

तो वार समजायला जून 1901 पाहावा लागतो. महिन्याच्या उत्तरार्धात टिळक, खापर्डे, नागपूरकर आणि ताईमहाराज औरंगाबादला गेले. औरंगाबाद निजामाच्या मुलखात, इंग्रजी कोर्टांच्या हद्दीबाहेर. तिथे मुले पाहिली गेली आणि निधोण्याच्या शाखेतला जगन्नाथ पसंत पडला. मुलगा पाहिला, पसंत केला, एवढे निर्विवाद आहे. त्यानंतर काय झाले यावर सगळा खटला उभा आहे. पंच म्हणाले, 27-28 जूनला जगन्नाथ रीतसर देण्या-घेण्यात आला, ताईमहाराजांनी त्याला मांडीवर घेतले. उरलेला समारंभ पुण्याला करायचा होता. ताईमहाराज पुढे म्हणाल्या, दत्तक झालेच नाही.

दत्तकविधीतला होम, म्हणजे दत्तहोम, औरंगाबादला झाला नव्हता, हे पंचही नाकारीत नव्हते. ज्या गोष्टीने चार लोकांत बोभाटा होतो, ब्राह्मण, धूर आणि जेवणावळ, तीच राहिली. उरली ती एका खोलीतली घटना आणि तिथे हजर असलेल्यांची तोंडे. संशोधकाला अशी जागा सापडली की त्याची झोप उडते. विरुद्ध बाजूच्या वकिलाचेही तसेच होत असावे.

पुण्याला परतल्यावर महिनाभरात वारे फिरले. पाच पंचांपैकी नागपूरकर ताईमहाराजांच्या बाजूला गेले. 29 जुलै 1901 रोजी पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्याकडे प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज पडला. आधार तोच, 1898 च्या बाळाचा : मुलगा जन्मला तेव्हाच मृत्युपत्र निकामी झाले. ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापूरला बाळामहाराज नावाचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. कोल्हापूर दरबाराचा कल या दत्तकाकडे होता. छत्रपतींच्या घरची धर्मकृत्ये वेदमंत्रांनी व्हावीत की नाही हा वेदोक्ताचा वाद तेव्हा ऐन भरात होता आणि टिळक त्यात छत्रपतींच्या विरुद्ध बाजूला होते, हे लक्षात ठेवावे. मात्र दरबाराचा कल निव्वळ त्या रागातून होता असे म्हणायला तेवढे पुरेसे नाही. आपल्या हद्दीतल्या जहागिरीचा वारस आपल्या माहितीतला असावा असे कोणत्याही दरबाराला वाटले असते.

ॲस्टनसाहेबांसमोरचे काम खरे तर मोजके होते : प्रोबेट चालू ठेवायचे की नाही? त्यांनी औरंगाबादच्या घटनेत हात घातला. टिळकांची दिवसचे दिवस उलटतपासणी झाली. 3 एप्रिल 1902 च्या निकालाने प्रोबेट रद्द झाले, आणि टिळकांवर खोटी साक्ष, बनावट पुरावा वगैरेंसाठी फौजदारी चालवण्याची वाट मोकळी झाली. आरोपांपैकी एक औरंगाबादच्या प्रवासखर्चाच्या हिशेबात मागाहून केलेल्या फेरफारांचा होता. प्रवासखर्चाची वही! तारीखवार खर्च मांडलेली ही वही त्या दिवसांचा माग सांगणारी. आणि तिच्यातली खाडाखोड हाच गुन्हा म्हणून पुढे आली. हिशेब लिहिणारा कारकून ओळीच्या वर बारीक अक्षरांत राहिलेली रक्कम घालतो, तेव्हा आपण पुढे कोणाच्या तुरुंगवासाचे कारण ठरू असे त्याच्या मनातही येत नसेल.

प्रोबेटवरचा निकाल हायकोर्टाने त्याच वर्षी फिरवला. ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध सकवारबाई’ या नावाने तो मुंबईच्या रिपोर्टांच्या 26 व्या खंडात आहे, आणि प्रोबेट कोणत्या कारणांनी रद्द होते या प्रश्नावर वकील अजून त्याचा दाखला देतात. पण फौजदारी चालूच राहिली. 24 ऑगस्ट 1903 रोजी स्पेशल मॅजिस्ट्रेट क्लेमेंट्स यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. जानेवारी 1904 मध्ये सेशन्स जज्ज लुकास यांनी मुदत सहा महिन्यांवर आणली, दोष कायम ठेवला, आणि टिळकांची रवानगी तुरुंगात झाली. 3 मार्च 1904 रोजी हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढे शिक्षा रद्द झाली.

मधल्या काळात, 1903 मध्येच, ताईमहाराज वारल्या.

या सगळ्या दप्तरात त्यांचा आवाज शोधू लागलो की हाती येतात ते अर्ज आणि जबान्या : वकिलाने मांडलेल्या, कारकुनाने उतरवलेल्या, इंग्रजीत गेलेल्या. एकाच वर्षात ती बाई एका मुलाला पसंत करते आणि दुसऱ्याला दत्तक घेते. टिळकपक्षाचे चरित्रकार म्हणतात, तिला फूस लावली. ॲस्टनना वाटले, आधी तिच्यावर दडपण आले. दोन्ही वर्णनांत एक गोष्ट सारखी आहे : तिला स्वतःची इच्छा असू शकते हे दोघांनीही धरलेले नाही. औरंगाबादला ती राजी होती आणि पुण्याला आल्यावर तिचे मन फिरले, हे मला सर्वांत संभवनीय वाटते. त्याला कटाची गरज नाही. हाही तर्कच, पण पुढे लागलेल्या शेवटच्या निकालाशी तो विसंगत नाही.

दिवाणी दावा वेगळा चालला. 31 जुलै 1906 रोजी पुण्याच्या पहिल्या वर्गाच्या सबजज्जांनी जगन्नाथाचे दत्तक खरे धरले. 1910 मध्ये हायकोर्टाच्या चंदावरकर आणि हीटन या न्यायमूर्तींनी ते उलटवले. तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. हायकोर्टाला औरंगाबादची कथा रचलेली वाटली. याचा अर्थ, खापर्ड्यांसारखे प्रतिष्ठित वकील आणि इतर साक्षीदार ठरवून खोटे बोलले.

26 मार्च 1915 रोजी प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निकाल फिरवला. निकालपत्र लॉर्ड शॉ यांचे. या सगळ्या कागदांत ते सर्वांत वाचनीय, कारण न्यायाधीश इथे इतिहासकाराचे काम करतात. कोणत्या साक्षीला किती वजन, कोणता कागद त्याच वेळचा आणि कोणता मागाहूनचा, हे ते ओळीने तपासतात. तीन गोष्टी ठळक आहेत.

पहिली पुराव्याच्या रीतीची. साक्षीदारांनी आधीच्या चौकशांत दिलेल्या जबान्या हायकोर्टाने त्यांच्याविरुद्ध वापरल्या. पण 1872 च्या पुराव्याच्या कायद्याचे कलम 145 सांगत होते की साक्षीदाराला त्याच्या जुन्या लेखी विधानाने खोटे पाडायचे असेल, तर ते विधान आधी त्याच्यापुढे ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे. ती दिली गेली नव्हती. या मुद्द्यासाठी हा निकाल आजही आपल्या कोर्टांत वाचला जातो.

दुसरी होमाची. दत्तक येणारा मुलगा सगोत्र असेल तर दत्तहोमावाचून दत्तक अडत नाही. देणे-घेणे झाले की झाले. जगन्नाथ सगोत्र होता. चौदा वर्षे ज्या उणिवेवर बोट ठेवले जात होते तिची कायद्याने गरजच नव्हती.

तिसरी गोष्ट मृत्युपत्र करणाऱ्याच्या निवडीकडे परत नेते. या पंचांना खोटे बोलून मिळणार काय होते? त्यांच्यापैकी कोणाचा मुलगा गादीवर बसणार नव्हता, कोणाला मिळकतीचा वाटा नव्हता. कटाचा आरोप करायचा तर हेतू दाखवावा लागतो, आणि तो दाखवला गेला नव्हता. भाऊबंदांना वगळून परक्यांना पंच नेमताना बाबामहाराजांनी जे साधले असावे असे मी वर म्हटले, ते अठरा वर्षांनी लंडनमध्ये पुरावा म्हणून उपयोगी पडले.

निवडीतला दोषही तितकाच स्पष्ट आहे. पाच नावांतले एक फुटले. आणि तीन दिवसांपूर्वी जामिनावर सुटलेल्याला नेमताना, तो तुरुंगात गेला तर रोजचा कारभार कोणाच्या हाती जाईल, हा हिशेब मरणाच्या घाईत झाला नसावा.

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने कोल्हापूरकडची मिळकत लगेच जगन्नाथाच्या हाती आली नाही. संस्थान वेगळे, त्याची कोर्टे वेगळी. जुलै 1920 मध्ये टिळक मुंबईला आले तेव्हाही याच प्रकरणाचे काम त्यांच्यामागे होते. 1 ऑगस्टला सरदारगृहात ते वारले. मृत्युपत्राला तेवीस वर्षे पूर्ण व्हायला सहा दिवस कमी होते. फीचा किंवा लाभाचा संबंध नसलेल्या एका कामासाठी त्यांनी खोट्या साक्षीचा शिक्का आणि तुरुंग सोसला. त्यांच्या राजकारणाबद्दल मत काहीही असो, मृत्युपत्राचे पंच म्हणून त्यांच्याइतका चिवट माणूस मिळणे कठीण होते, असा माझा निवाडा आहे.

ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ हा निकाल स्वतः वाचावा : इंडियन अपील्सचा 42 वा खंड, पृष्ठ 135 पासून. एखाद्या वकील मित्राकडे किंवा लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात तो मिळेल. वाचताना 27 जून 1901 च्या घटनेवर एक बोट ठेवावे, आणि प्रत्येक साक्षीदाराला ती सांगून काय मिळणार होते हे समासात लिहीत जावे.